संस्थेचा फलक उतरल्यावर गावात काय उरतं?

पांधण

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी नागपूरची. नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांमध्ये गेली. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, मग माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट वाढले, पुढे 'उमेद' हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. गटांची खाती उघडणं, वह्या तपासणं, कर्जाचे प्रस्ताव तयार करणं हेच माझं रोजचं काम होतं. निवृत्तीनंतरही त्या बायकांशी संबंध तुटलेला नाही.

अलीकडे पारशिवनी, रामटेक, उमरेड या भागांत बरंच फिरणं झालं. बहुतेक गावांत शिरताना एखाद्या प्रकल्पाचा फलक दिसतो. रंग उडालेला, कधी अर्धा वाकलेला. एका गावात शिलाई मशीन ग्रामपंचायतीच्या खोलीत चादरीखाली झाकून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी अगरबत्तीचं यंत्र बिघडलं तेव्हापासून बंद. दुरुस्तीचा माणूस संस्थाच आणायची आणि संस्था आता दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आणि त्याच पट्ट्यात एका गावातल्या ग्रामसंघाची (गावातल्या बचत गटांच्या संघाची) डाळमिल मात्र रोज फिरते आहे, प्रकल्पाची मुदत संपून बराच काळ झाला तरी.

मी तिथे बसून नीट विचारलं. मिल कोणाच्या नावावर? ग्रामसंघाच्या. दळाईचा दर कोण ठरवतं? महिन्याची बैठक. यंत्र बिघडलं तर? प्रत्येक क्विंटलमागे ठरलेली रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढली जाते, तिची वेगळी वही आहे आणि ती वही लिहिणारी बाई गावातलीच आहे. सुरुवातीला संस्थेने चक्की मोठ्या क्षमतेची घ्या म्हणून आग्रह धरला होता. बायकांनी गावची तूर मोजली, हिशेब मांडला आणि लहान यंत्र घेतलं. मला वाटतं, तो नकारच त्या मिलचा खरा पाया आहे. देणाऱ्याला 'नको' म्हणण्याची ताकद ज्या गटात असते, तो गट देणारा गेल्यावरही उभा राहतो.

आपल्या विदर्भात याचं सर्वात ठसठशीत उदाहरण म्हणजे धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. पण घोषणेमागची शिस्त फारशी कोणी सांगत नाही. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला. आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, प्रश्न विचारतो. मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांची 'वृक्षमित्र' संस्था वर्षानुवर्षं गावासोबत होती, पण निर्णय देवाजी तोफा आणि गावकऱ्यांच्या सभेत झाले. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे पास गावाच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन ते पासबुक ग्रामसभेला दिलं. हक्क कागदावर आल्यावरही दोन वर्षं गावाला चिकाटीने उभं राहावं लागलं.

माझं म्हणणं असं की उपजीविकेचं काम आधी हक्क, मग हिशेब आणि मग पैसा या क्रमाने झालं तर टिकतं. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. पैसा आधी येतो, तो मार्चपूर्वी खर्च करायचा असतो, आणि हक्क-हिशेबाची गोष्ट समारोपाच्या कार्यक्रमापर्यंत निघतच नाही.

तुमच्या भागात काय दिसतं? कुठे टिकलं, कुठे विरून गेलं? नुसतं 'छान उपक्रम' नको, कृपया कारणांसकट लिहा.

---

वैनगंगाकाठ

पांधणताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी भंडारा-गोंदियाच्या सीमेवरचा, शाळेत शिकवतो. आमच्याकडचं उदाहरण पाण्याचं आहे.

माजी मालगुजारी तलाव नागपूरच्या लोकांनी ऐकलेले असतात, पण त्यांचा इतिहास बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारो तलाव. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत (लहान तळ्यात), बोडीतून धानाच्या बांधीत, अशी पूर्ण साखळी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, शंभर हेक्टरपेक्षा कमी सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे. मालगुजार गेला ते बरंच झालं, त्याच्या जुलमाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. पण पाळीवर माती टाकायची कोणी, गाळ काढायचा कोणी, पाट साफ करायचा कोणी, ही गावाची ठरलेली व्यवस्थाही त्याच्याबरोबर गेली. तलाव सरकारचा झाला म्हणजे गावाचा राहिला नाही, असं लोक समजून चालले.

मग उथळ झालेल्या तलावांत बेशरम हे तण माजलं. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचं उत्पन्न घटत गेलं. यावर उपाय म्हणून बाहेरून बीज आणून रोहू, कटला सोडायचे, हाच सरकारी आणि संस्थांचाही ठरलेला मार्ग होता. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ढिवरांनाच विचारलं की पूर्वी कुठले मासे होते, ते काय खायचे, अंडी कुठे घालायचे. उत्तर पाणवनस्पतींपाशी येऊन थांबलं. उन्हाळ्यात तळ कोरडा पडला की बेशरम मुळासकट काढायची, तळाची जमीन नांगरायची, पाऊस आल्यावर स्थानिक पाणवनस्पती लावायच्या आणि मग माशांकडे बघायचं. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात लावायची, हे ज्ञान जाणत्या मासेमारांकडे होतंच. त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच. वनस्पती आल्या तसे स्थानिक मासे परतले आणि पक्षीही आले.

या कामाचं मोठेपण माझ्या मते असं की त्याला महागडं काहीच लागत नाही. मजुरी लागते आणि जाणकार लागतो, दोन्ही गावातच आहेत. संस्था उद्या नसली तरी तळ नांगरायचं कोणी विसरणार नाही.

अडचणही सांगतो. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावाने मिळतो आणि त्या संस्थांचे सभासद बहुतेक पुरुष. मासळी डोक्यावर घेऊन बाजारात विकणारी, बेशरम उपटायला चिखलात उतरणारी बाई मात्र कागदावर कुठेच नसते. अलीकडे काही गावांत ढिवर बायकांनी आपले गट करून ग्रामसभेत हा प्रश्न मांडलाय. तुमचा 'आधी हक्क' हा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो.

---

तेरणा

वाचते आहे. एक भर मराठवाड्यातून.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्याकडे मदतीचा पूर आला होता. त्या काळात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ने घरबांधणीच्या देखरेखीसाठी गावातल्या बायकांनाच संवाद सहायक म्हणून नेमलं. पायाची खोली, भिंतीतल्या कांब्या, सगळं त्या तपासायच्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच जाळ्यातून एक एकर शेतीचं काम उभं राहिलं. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या निर्णयाखाली, त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, भाजीपाला, भरडधान्य, कमी पाण्यात आणि बिनरासायनिक. सोयाबीन गेलं तरी घरात खायला असतं. संकटात टिकणं म्हणजे काय, तर आमच्याकडच्या बायका सांगतात, 'किराण्याची उधारी झाली नाही.' मला ही व्याख्या फार पटते.

---

रानमेवा

मेंढ्याचं उदाहरण नेहमी येतं. त्याच्याइतकंच शिकण्यासारखं गाव म्हणजे गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. 'आदर्श गाव' म्हणून गाजावाजा नाही, साधी शेतमजुरी करणारी माणसं. पाठपुरावा करून २०१२ साली त्यांनी हजारेक हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. नियम गावाने स्वतः लिहिले. बांबू कधी आणि किती तोडायचा, कोणता भाग अजिबात तोडायचा नाही, मजुरी किती. बांबू विकून गावातच काम मिळू लागलं, बाहेर जाणं कमी झालं.

माझ्या दृष्टीने सर्वात धाडसी निर्णय तेंदूपत्त्याचा. तेंदू म्हणजे बिडीचं पान, ऐन उन्हाळ्यातली रोख मजुरी. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि एप्रिल-मे मध्ये अख्खं घर पहाटेपासून जंगलात. विदर्भातल्या गावाने हे उत्पन्न सोडणं सोपं नाही. पाचगावने तेंदू संकलन बंद केलं, कारण चांगला पाला यावा म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, त्यात जंगलाची वाढ खुंटते आणि टेंभरंही (तेंदूची फळं) धरत नाहीत. बांबूचं उत्पन्न हाती होतं म्हणून हा निर्णय परवडला, हेही खरं. बाहेरच्या संस्थेने 'पर्यावरणासाठी तेंदू सोडा' म्हटलं असतं तर लोकांनी ऐकलं नसतं आणि ऐकायलाही नको होतं.

दुसरं टोक अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर. त्यांच्या वाट्याला १९२ हेक्टर जंगल आलं तेच उजाड. खोज संस्थेच्या सोबतीने त्यांनी चराईबंदी, झाडं लावणं, पाणी अडवणं असं काम उभं केलं, रोजगार हमीतून मजुरी मिळवली आणि काही वर्षांनी तिथलं सीताफळ थेट मुंबईला गेलं. हक्क मिळाल्यावर काम सुरू झालं. उलट झालं असतं तर त्या सीताफळांचा लिलाव दुसऱ्याच कोणी केला असता.

एक सावधगिरीची गोष्ट. ज्या ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात, त्यांच्यापुढे भावाची जोखीम फार मोठी असते. एखाद्या वर्षी बोली चढते, पुढच्या वर्षी ठेकेदार फिरकतच नाहीत. काही ठिकाणी पाला उचलून नेला आणि शेवटचा हप्ता अडकला. एकेकट्या ग्रामसभेने करार करण्यापेक्षा आसपासच्या ग्रामसभांनी मिळून महासंघ करणं हा यावरचा उपाय आहे आणि तो काही भागांत झालाही आहे. करारनामा मराठीत, आगाऊ रकमेची अट स्पष्ट, आणि गोदामाची किल्ली पैसे पूर्ण येईपर्यंत गावाकडे. ही किल्लीची अट मला सर्वात महत्त्वाची वाटते.

---

ताळेबंद

मी पेशाने सनदी लेखापाल, धंतोलीत कार्यालय आहे. अनेक छोट्या संस्थांचे आणि शेतकरी कंपन्यांचे हिशेब पाहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पांधणताई, 'पैसा मार्चपूर्वी खर्च करायचा असतो' हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. नागपुरातल्या छोट्या संस्थांना त्यातून काम मिळालं. पण कंपनीला मोजता येणारी, फोटोत दिसणारी गोष्ट लागते. मशीन, टाकी, शेड. बैठका घेणं, वही लिहायला शिकवणं, दाव्याची फाईल वर्षानुवर्षं पुढे सरकवणं याला पैसा मिळत नाही. कार्यकर्त्याचा पगार म्हणजे 'प्रशासकीय खर्च' समजला जातो. खरं तर या कामात माणूस हाच मुख्य खर्च आहे.

परदेशी देणग्यांचंही तसंच. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी मिळालेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आधी एखादी मोठी संस्था गडचिरोलीतल्या चार-दोन माणसांच्या गटाला थोडा निधी देऊन सोबत ठेवायची. तो झरा आटला.

आता शेतकरी उत्पादक कंपन्या. २००३ पासून हा प्रकार कायद्यात आहे, दहा उत्पादक मिळून कंपनी काढता येते. आपल्याकडे त्या भराभर निघाल्या. पण वार्षिक विवरण वेळेत भरलं नाही तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क लागतं आणि ते साचत जातं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कंपन्यांच्या संचालकांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. प्रकल्प चालू असतो तोवर संस्थेचा माणूस हे बघतो, तो गेला की तीन वर्षांनी नोटीस हातात. ज्या बायकांनी गटाची वही कधी चुकवली नाही, त्या कंपनीच्या कागदांपुढे हतबल होतात. त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे: उलाढाल लहान असेल तर कंपनी काढण्याची घाई करू नका. गट किंवा ग्रामसंघ पुरेसा असतो. आणि कंपनी काढलीच तर पहिल्या वर्षापासून लेखापालाचं शुल्क मालाच्या किमतीत धरा.

---

अंबियाबहार

ताळेबंद भाऊ, तुमचं वाचून बरं वाटलं. मी काटोल तालुक्यातला कास्तकार. लिहिण्याची सवय नाही, जसं बोलतो तसंच लिहून राहिलो.

जंगलाचं, तलावाचं सगळं पटलं. पण आमच्या संत्र्याच्या कास्तकाराचं काय? आमच्याकडे जमीन नावावर आहे, सातबारा आहे, मंजे हक्क आहेच. तरी आमी काऊन टिकून नाही राहिलो? नागपुरी संत्र्याले २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन भेटलं. त्याचा फलकही लागला. पण बगीच्याचा सौदा आजही व्यापारी झाडावरच करते. फळ दिसलं की येते, अंदाजानं भाव बोलते, थोडा इसार देते आणि गारपीट झाली का सौदा मोडून मोकळा. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं तसा लहान फळाचा बाजारच पडला.

त्यात हवामान. अंबियाले, मंजे हिवाळ्याच्या शेवटी फुटते त्या बहाराले, ताण द्यायचा तर डिसेंबरात पाणी तोडा लागते. तेव्हाच अवकाळी आला का ताण तुटते, मग बहार अर्धाच फुटते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस थांबला नाही तर फळगळ. वरूड-मोर्शीकडं बोअर किती खोल गेले ते सगळ्यायले ठाऊक आहे, आमच्याकडंही तेच होऊन राहिलं. एकानं खोल केला का शेजाऱ्याचा आटते.

आमच्या गावात आता काही जणांनी मिळून एक गोष्ट सुरू केली. कोणत्या विहिरीत किती पाणी, ते पावसाळ्यानंतर मोजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिवतो. कोणी सांगतलं नाही, योजना नाही. पाणी कमी दिसलं तर त्या साली मृग (पावसाळ्यातला) आणि अंबिया दोन्ही बहार धरू नका, एकच धरा, असं बसून ठरवतो. सगळे ऐकतेच असं नाही. पण आकडा भिंतीवर असला का माणूस नवा बोअर मारायच्या आधी दोनदा इचार करते. मले वाटते हक्कासोबत ही मोजणी पाहिजे. जमीन ज्याची त्याची, पण खालचं पाणी सगळ्यायचं.

---

पांधण

अंबियाबहार दादा, तुमचा हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. जिथे हक्क प्रत्येकाचा वेगवेगळा आहे, तिथे सामूहिक मोजणी पहिली, हे मला सुचलं नव्हतं. तुमच्या भिंतीवरच्या नोंदी कोण घेतं? शाळेतली मुलं मदत करतात का? कृपया सविस्तर लिहा, इतर गावांना उपयोग होईल.

---

नागनदी

सगळी चर्चा गावांची चालली आहे. शहराबद्दलही लिहिते, कारण मी नाग नदीच्या काठच्या वस्तीत काम करते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. मोरभवनचा बसस्टँड पाण्याखाली गेला होता. बातम्यांत मोठ्या कॉलन्या आल्या, त्यांचंही नुकसान झालंच. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय झालं, ते बघायला कोणी थांबलं नाही. दहा हजारांची मदत जाहीर झाली. पंचनाम्याला घराचा कागद मागितला जातो, भाडेकरूकडे तो नसतो आणि घरमालक लिहून द्यायला तयार नसतो. भिजलेल्या आधारकार्डांचा लगदा झालेला.

आमच्या वस्तीत पहिल्या आठवड्यात कोणाच्या घरी काय हवं, याची यादी बचत गटाच्या बायकांनी केली. त्यांच्याकडे घरोघरची माहिती होतीच. कुठे बाळंतीण आहे, कोणाची इन्सुलिन फ्रीजमध्ये होती, कोण मदत मागायला लाजेल. बाहेरून आलेल्या धान्याच्या किटा त्या यादीने वाटल्या गेल्या म्हणून भांडणं झाली नाहीत. गटाच्या अंतर्गत कर्जातून काही जणींनी लगेच शेगडी आणि भांडी घेतली, सावकाराकडे गेल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही एकच काम हातात घेतलंय. प्रत्येक घराची कागदपत्रं झेरॉक्स करून प्लास्टिकच्या पाकिटात, आणि एक प्रत उंचावरच्या एका घरी. मे महिन्यातल्या उन्हासाठीही असंच: पत्र्याच्या खोलीत एकटे राहणारे म्हातारे कोण, दुपारी त्यांच्याकडे कोण जाणार, हे बायका आधीच ठरवतात. याला प्रकल्प म्हणत नाहीत, याला निधीही लागत नाही. पण मला कोणी लवचीकतेची, म्हणजे संकटात टिकण्याची, व्याख्या विचारली तर मी ही यादी दाखवीन.

---

उंबरठा

चर्चा सुंदर चालली आहे, पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो. आपण सगळे 'गाव' म्हणतो आहोत, जणू गाव एकजीव आहे. ग्रामसभेत पुढे कोण बसतं? तलावाचा गाळ काढला की तो कोणाच्या शेतात जातो? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्या. भूमिहीनाला गाळाचा काय उपयोग? पाणलोटाच्या कामाने विहिरींना पाणी वाढतं, म्हणजे विहीर असलेल्याला फायदा. चराईबंदी केली तर शेळ्या कोणाच्या उपाशी राहतात? मी ज्या वस्तीत वाढलो तिथल्या माणसांनी 'लोकांचा निर्णय' या नावाखाली बरंच गमावलं आहे.

बाहेरच्या संस्थेचा एक उपयोग आहे, तो आपण विसरू नये. गावात जे बोलता येत नाही ते बोलायला कधीकधी बाहेरचा माणूस लागतो. त्यामुळे संस्था लवकर निघून जावी यापेक्षा, ती कोणाच्या बाजूने उभी राहिली हे विचारा.

---

वैनगंगाकाठ

उंबरठा दादा, शंभर टक्के मान्य. आमच्याकडे जिथे तलावाची मासळी भूमिहीन ढिवरांना आणि गाळ शेतकऱ्यांना असं ठरावातच लिहिलं गेलं, तिथे दोघांनाही तलाव भरलेला हवा असतो. जिथे लिहिलं नाही, तिथे धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी तलाव रिकामा करतात आणि मासे तडफडून मरतात. किती पाणी तळात ठेवायचं, हे आधी लिहून घेतलं पाहिजे.

---

पांधण

उंबरठा, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मांडणीत भर पडली. बँकेत असताना मी गटाची वही पाहायचे तेव्हा एकूण कर्जाच्या रकमेपेक्षा एक गोष्ट आधी बघायचे: कर्ज कोणाकोणाला मिळालंय? अध्यक्ष आणि सचिव यांनाच पुन्हा पुन्हा मिळालं असेल तर शंभर टक्के परतफेड असूनही तो गट मला आजारी वाटायचा. ग्रामसभेच्या निर्णयांनाही हीच तपासणी लावायला हवी. भूमिहीन घरांना त्या वर्षी काय मिळालं, याची नोंद वेगळी.

बाहेरच्या माणसाबद्दलही तुमचं बरोबर आहे. मेंढ्यातही बाहेरचा मित्र होताच. प्रश्न विचारणारा मित्र असणं आणि निर्णय घेणारा मालक असणं, हा फरक मात्र धरून ठेवला पाहिजे.

---

भिवापुरी

सगळे प्रतिसाद वाचले. आमचं गाव जंगलाला लागून आहे, गोंड आणि माना कुटुंबं बरीच आहेत, पण सामूहिक दावा कधी केलाच नाही. सुरुवात कुठून करायची? कोणी संस्था आमच्याकडे नाही.

---

रानमेवा

संस्था नसली तरी सुरुवात करता येते, दावा करण्याचा अधिकार ग्रामसभेलाच आहे.

पहिली गोष्ट ग्रामसभा. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. तिथे वनहक्क समिती निवडा, दहा ते पंधरा जणांची, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला. पुरावा एकाहून अधिक लागतो. आपल्याकडे जुन्या मध्य प्रांताचा भाग असल्याने निस्तार पत्रक फार उपयोगी पडतं. गावाला कुठल्या जंगलातून सरपण, चारा, बांबू घेण्याचा रिवाज होता ते त्यात नोंदलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची आणि वाजिब-उल-अर्जची (गावच्या रिवाजांच्या जुन्या नोंदीची) नक्कल मागा. त्याखेरीज म्हाताऱ्या माणसांचे जबाब, देवस्थानं, जुन्या गुरांच्या वाटा, पाणवठे यांचा नकाशा. नकाशा करताना शेजारच्या गावांना बोलवा, सीमेचा वाद तिथेच मिटतो.

इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्या जंगलवासी घरांना, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो, त्या घरांची माहिती वेगळी गोळा करा. दावा ग्रामसभेच्या ठरावाने उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे. प्रत्येक वेळी पोच घ्या, तारखेसह. नाकारला तर लेखी कारण मागा, अपील करता येतं.

---

ताळेबंद

आणि ठरावाच्या वहीत पानांना क्रमांक घाला, मधे कोरी जागा सोडू नका. हजेरीच्या सह्या त्याच दिवशी, बायकांची संख्या वेगळी लिहून. भिवापुरी, तुमची पहिली वही तयार झाली की मला व्यक्तिगत निरोप करा, मी येऊन बघून देईन. शुल्क नाही.

---

अंबियाबहार

पांधणताई, विचारलं होतं म्हणून सांगतो. विहिरी मोजायले आठवी-नववीची पोरंच येते. दोरीले गाठी मारल्या आहेत, खाली वजन. पोरी जास्त नेमानं करते. यंदा मोजणीचा दिवस ठरला का इथं टाकतो, ज्याले पाहाचं असन त्यानं यावं. भिवापुरी भाऊ, तुमी पण या, तिथंच वैनगंगाकाठ गुरुजीशीही भेट होईन.